लाइटचा फॉल्ट: बल्ब बदलण्याआधी अर्थिंग तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरातलं गाड्यांचं पान मी न चुकता वाचतो. नवीन मॉडेल कोणतं आलं, मायलेज किती, स्क्रीन केवढी, हे सगळं त्यात असतं आणि लोकांना ते हवंही असतं, पण गाडी चारपाच वर्षं जुनी झाली की माणूस ज्या गोष्टीने खरा वैतागतो त्याबद्दल तिथे कधीच काही येत नाही, ती म्हणजे लाइटचा फॉल्ट. एक हेडलाइट मंद, इंडिकेटर त्याला वाटेल तसा चालतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो, नाहीतर फ्यूज सारखा उडतो. मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो, रोज जे बघतो त्यावरून लिहितोय, पत्र लांबलंय पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

माझी तक्रार एकच आहे. लाइटचा फॉल्ट कोणी मोजत नाही, सगळे पार्ट बदलून बघतात. आधी बल्ब बदलतात, मग रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्याचा मोठा करंट जोडणारी डबी), मग स्टेअरिंगखालचा स्विच, आणि तरीही लाइट नीट झाला नाही की सांगतात वायरिंग खराब झालंय, अख्खं बदलावं लागेल. ह्यात मालकाचे पैसे जातात ते जातातच पण चांगल्या गाडीचं कंपनीचं वायरिंग कापलं जातं, जोड मारले जातात, काळी टेप गुंडाळली जाते, आणि एका फॉल्टचे पुढे चार फॉल्ट होतात. मूळ फॉल्ट बऱ्याचदा एका गंजलेल्या बोल्टमध्ये असतो.

तो बोल्ट म्हणजे अर्थ, म्हणजेच अर्थिंग. बॅटरीच्या प्लसपासून करंट फ्यूज, रिले, स्विच असं करत बल्बपर्यंत येतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे तेवढाच भाग तपासतात. पण करंट नुसता येऊन चालत नाही, त्याला परत मायनसला जायला वाट लागते, आणि गाडीत ती वाट म्हणजे बॉडीचा पत्रा. बल्बच्या होल्डरमधून एक काळी वायर निघते, जर्मन गाड्यांमध्ये ती चॉकलेटी असते, तिच्या टोकाला धातूची रिंग असते आणि ती जवळच कुठेतरी पत्र्याला बोल्टने कसलेली असते. पाणी, चिखल, मीठ सगळं त्या बोल्टवर बसतं, खाली गंज धरतो, रिंग हिरवी पडते. आणि एक गोष्ट मी परत परत बघितली आहे, गाडी डेंटिंग पेंटिंग करून येते आणि त्यानंतर लाइटचा त्रास सुरू होतो. कारण पत्र्यावर नवीन रंग मारला आणि अर्थची रिंग त्या रंगावरच कसली, रंग काही करंट जाऊ देत नाही, मग बोल्टच्या आट्यांमधून जेवढा जाईल तेवढाच जातो.

मागच्या दिव्यांमध्ये तर अर्थ गेलेला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो, मीटरसुद्धा लागत नाही. टेल लॅम्प, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स असे एका बाजूचे सगळे बल्ब बहुतेक गाड्यांत एकाच अर्थवर असतात. तो अर्थ तुटला की ब्रेक दाबल्यावर करंट 21 वॅटच्या ब्रेकच्या फिलामेंटमधून जातो खरा, पण पुढे वाट बंद, मग तो उलटा फिरून शेजारच्या 5 वॅटच्या टेलच्या फिलामेंटमधून मागे शिरतो आणि टेलच्या वायरने दुसऱ्या बाजूच्या दिव्यांकडे जाऊन तिथल्या चांगल्या अर्थमधून परत जातो. म्हणून लाइटचा स्विच बंद असतानाही ब्रेक दाबला की टेल लॅम्प बारीक पेटतात, कधीकधी नंबर प्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डसुद्धा हलका उजळतो. इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर टेल लॅम्प लुकलुकतो. असं काही दिसलं की लोक म्हणतात स्विच गेला किंवा कुठेतरी वायरी एकमेकींना चिकटल्या. नव्वद टक्के वेळा वगैरे मी म्हणणार नाही, कारण मी काही मोजदाद ठेवलेली नाही, पण असं दिसलं की मी पहिला हात अर्थलाच घालतो. एक लांब वायर घ्या, एक टोक होल्डरच्या अर्थच्या पिनला लावा, दुसरं बॅटरीच्या मायनसला किंवा खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्याला, आणि परत ब्रेक दाबून बघा. सगळे दिवे शहाण्यासारखे वागायला लागले तर फॉल्ट सापडला. मग बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, रिंग दोन्ही बाजूंनी घासा, घट्ट कसा, आणि कसून झाल्यावर वरून ग्रीस नाहीतर पेट्रोलियम जेली लावा म्हणजे ओल धरणार नाही. एवढंच काम असतं.

आता हेडलाइट मंद असण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. दोन्हीपैकी एक हेडलाइट पिवळट आणि मंद आहे, बल्ब अदलाबदल करून बघितले तरी मंद बाजू मंदच राहते, म्हणजे बल्ब चांगला आहे. (काच पिवळी पडली असेल तर ती गोष्ट वेगळी, ती बाहेरून दिसतेच.) मग मेकॅनिक होल्डर काढतो, मीटर किंवा टेस्टर लावतो, 12 व्होल्ट दाखवतो आणि म्हणतो सप्लाय बरोबर आहे. इथेच चुकतं. होल्डर बल्बमधून काढलेला असताना घेतलेल्या रीडिंगचा काही उपयोग नाही, कारण डिजिटल मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, वायरीच्या आतले सगळे पदर तुटून एकच बारीक तार शिल्लक असली तरी मीटर 12 च दाखवणार. रिकामी कळशी शिवणाच्या दोऱ्यालाही लटकते, दोरा किती पक्का आहे ते कळशी भरल्यावर कळतं. 55 वॅटचा बल्ब 12 व्होल्टला साधारण साडेचार अँपिअर ओढतो, तेवढा करंट चालू असताना मोजलं तरच खरं काय ते समजतं.

म्हणून मोजायची रीत अशी. होल्डर बल्बला लावलेलाच ठेवायचा, लाइट चालू, मीटर 20 व्होल्ट डीसीवर. मीटरचा एक प्रोब (वायरीच्या टोकाची सुई) बॅटरीच्या प्लसच्या खांबावर आणि दुसरा होल्डरच्या मागून बल्बच्या प्लसच्या पिनला. जे दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक म्हणायचं. मग एक प्रोब बल्बच्या अर्थच्या पिनला, दुसरा बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, इथे 0.1 किंवा 0.2 पेक्षा जास्त दिसायला नको. दोन मापं झाली की फॉल्ट येणाऱ्या बाजूला आहे की जाणाऱ्या बाजूला हे पक्कं होतं, अंदाज करायची गरजच राहत नाही. एका गाडीचं उदाहरण देतो, ती दुसरीकडे बल्ब आणि स्विच बदलून माझ्याकडे आली होती. लाइट चालू असताना बॅटरीवर 12.4, मंद बल्बच्या दोन पिनांमध्ये 10.3, प्लसच्या बाजूला 0.3 पडत होते आणि अर्थच्या बाजूला चक्क 1.8. बेरीज करून बघा, बरोबर 12.4 होते, वीज कुठे हरवत नाही, ती कुठेतरी खर्च होत असते आणि इथे ती एका गंजलेल्या रिंगमध्ये उष्णता होऊन जात होती. चांगल्या बाजूच्या बल्बला 12.0 मिळत होते. फरक पावणेदोन व्होल्टचाच आहे, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, साधारण 3.4 च्या घाताने कमी होतो, म्हणजे व्होल्ट दहा टक्के पडले की उजेड तीस टक्के पडतो. ह्या गाडीत हिशेब केला तर मंद बाजूचा उजेड जवळपास चाळीस टक्के कमी होता. रात्रीच्या अंधारात रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसणं न दिसणं ह्यावर असतं, आणि त्या माणसासाठीच मला हे एवढं लिहावंसं वाटलं.

प्लसच्या बाजूला जास्त व्होल्ट पडत असतील तर एकेक टप्पा मागे जात मोजायचं, होल्डर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), रिले, फ्यूज. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा उडी मारतो तिथे फॉल्ट. रिलेबद्दल एक गैरसमज आहे की टिक आवाज आला म्हणजे रिले चांगला. टिक आवाज फक्त 85 आणि 86 नंबरच्या पिनांमधली कॉइल चालते एवढंच सांगतो, 30 आणि 87 मधला कॉन्टॅक्ट जळून काळा पडला असेल तरी टिक येणारच. त्याच्या शेजारी हॉर्नचा किंवा दुसरा कुठला तसाच रिले असतो बऱ्याच गाड्यांत, नंबर आणि पिना जुळत असतील तर तो काढून इथे लावून बघणं सगळ्यात सोपं.

अजून एक, हे माहीत नसल्यामुळे चांगले चांगले इलेक्ट्रिशियन गोंधळतात. तीन पिनांच्या एच4 बल्बमध्ये, म्हणजे अप्पर डिपर एकाच बल्बमध्ये असतो तो, एक पिन दोन्ही फिलामेंटना सामाईक असते. बऱ्याच गाड्यांत ती अर्थला असते, पण कित्येक जपानी गाड्यांत ती प्लसला असते आणि स्विच अर्थच्या बाजूने जोडणी करतो. अशा गाडीत बंद असलेल्या फिलामेंटच्या पिनवरही 12 व्होल्ट दिसतात, कारण ते फिलामेंटमधून पलीकडे आलेले असतात, आणि माणूस समजतो शॉर्ट आहे. आधी सर्किट कसं आहे ते बघायचं, मग मत द्यायचं.

फ्यूज उडण्याबद्दल थोडं कडक लिहितो. फ्यूज उडाला म्हणून 10 च्या जागी 20 चा घालणं, किंवा तांब्याची तार, चांदीचा कागद, पिन असलं काही गुंडाळणं, हा गाडीला आग लावायचा रस्ता आहे. फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. वायरीची जाडी बघून कंपनीने तो आकडा ठरवलेला असतो, लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30, आणि मोठा फ्यूज घातला की फ्यूजच्या आधी वायर तापते, तिच्यावरचं प्लास्टिक वितळतं, शेजारच्या दहा वायरी त्याच गुंडाळीत असतात. फ्यूज एकदा उडाला तर त्याच आकड्याचा दुसरा घालून बघा, लगेच परत उडाला तर शॉर्ट शोधायचाच. त्यासाठी फ्यूजमागून फ्यूज जाळत बसायचं कारण नाही. फ्यूजच्या जागी 21 वॅटचा एक बल्ब दोन वायरींनी लावा आणि त्या सर्किटवरचे सगळे दिव्यांचे बल्ब काढून ठेवा. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण पेटेल, पण तो करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडवून धरतो त्यामुळे वायर जळत नाही, तुम्ही निवांत वायरिंग हलवत, कपलर एकेक काढत जा, ज्या क्षणी बल्ब विझतो तिथे शॉर्ट. पहिल्यांदा बघायची जागा म्हणजे डिकीच्या झाकणाच्या बिजागरीजवळचा रबरी पाइप, झाकण हजारो वेळा उघडतं मिटतं आणि त्यातल्या वायरी आतल्या आत सोलतात किंवा तुटतात, बाहेरून रबर एकदम छान दिसतं. नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर आणि डिकीचं लॉक एकदम बिघडले तर मी दुसरीकडे बघतच नाही. त्यानंतर बघायचे ते बाहेरून बसवलेल्या वस्तूंचे जोड, फॉग लॅम्प, कॅमेरा, म्युझिक, टोइंगचं सॉकेट.

ब्रेक लाइट दोन्ही आणि वरचा तिसरासुद्धा एकदम बंद, तर बल्ब नाही, पेडलजवळचा स्विच किंवा त्याचा फ्यूज. उलट पेडलवरून पाय काढला तरी ब्रेक लाइट चालूच राहत असेल तर पेडलवर त्या स्विचला टेकणारं छोटं रबर किंवा प्लास्टिकचं बटण भुगा होऊन पडलंय का बघा, खाली मॅटवर तुकडे सापडतात. इंडिकेटर एका बाजूला भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय, ते मुद्दामच तसं केलेलं असतं. सगळेच लाइट एकदम मंद आणि रेस दिल्यावर उजळतात, तर दिव्यांना हात लावू नका, बॅटरी, तिचे टर्मिनल, अल्टरनेटर आणि पट्टा तपासा. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते आणि चालू झाल्यावर बऱ्याच गाड्यांत 13.8 ते 14.4. पंधराच्या वर जात असेल तर बल्ब वारंवार का जातात त्याचं उत्तर तिथेच आहे.

आता बाहेरून बसवलेल्या बल्बांविषयी, कारण अर्धे फॉल्ट आपणच विकत आणतो. कंपनीचं वायरिंग 60/55 वॅटसाठी केलेलं, त्यावर लोक 100/90 चा बल्ब लावतात. करंट साधारण 1.65 पट झाला की वायरीत आणि होल्डरमध्ये उष्णता जवळपास पावणेतीनपट होते, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. मग होल्डर वितळतो, पिनांची पकड ढिली पडते, ढिली पडली की अजून तापते, आणि गंमत म्हणजे व्होल्ट पडल्यामुळे त्या मोठ्या बल्बचा हवा तेवढा उजेड मिळतही नाही. आधी सांगितलेली दोन मापं घेऊन अर्थ आणि कॉन्टॅक्ट साफ केले तर साधा 55 वॅटचाच बल्ब बघून लोकांना वाटतं नवीन बल्ब घातला. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घालण्याबद्दलही हेच म्हणेन, तो रिफ्लेक्टर फिलामेंट नेमकं जिथे असतं त्या जागेसाठी बनवलेला असतो, उजेड दुसरीकडून निघाला की आपल्याला झगझगीत वाटतं पण समोरच्याच्या डोळ्यांत जातं आणि रस्त्यावर हवं तिथे पडत नाही. इंडिकेटरला एलईडी लावले की करंट कमी म्हणून ते भराभर लुकलुकतात, मग रेझिस्टर जोडतात, तो 6 ओमचा रेझिस्टर पेटलेला असताना पंचवीस तीस वॅट उष्णता टाकतो, त्याला प्लास्टिकला किंवा वायरिंगला बांधू नका, पत्र्यालाच कसा. आणि हॅलोजन बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल राहिलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

नवीन गाड्यांत मात्र थोडं जपून. त्यात स्विच सरळ दिवा लावत नाही, स्विच कंट्रोल युनिटला सांगतो आणि ते युनिट दिवा लावतं, बऱ्याचदा वेगाने चालू बंद करून उजेड कमी जास्त करतं, अशा वेळी साधा मीटर 7 किंवा 8 व्होल्ट दाखवतो आणि माणूस वायर खराब समजतो. काही युनिट शॉर्ट दिसला की तो दिवा स्वतःच बंद करून टाकतात, मग शॉर्ट काढला तरी दिवा लागत नाही, स्कॅनर लावून युनिटमध्ये साठलेला फॉल्टचा कोड पुसावा लागतो. अशा गाडीत फ्यूजच्या जागी बल्ब लावायची युक्तीही सर्किट बघितल्याशिवाय करू नका. पिवळ्या कपलरच्या वायरींना टेस्टर लावायचाच नाही, त्या एअरबॅगच्या असतात. आणि झेनॉनचे दिवे असतील तर पेटताना त्यात हजारो व्होल्ट असतात, ते काम घरी करायचं नाही. पण ह्या गाड्यांतसुद्धा अर्थचा बोल्ट पत्र्यालाच असतो आणि तो तसाच गंजतो, युनिट बदलायचा खर्च कोणी सांगितला तर आधी त्याला विचारा, लाइट चालू असताना अर्थवर किती व्होल्ट पडतायत ते मोजलं का. मोजलं असेल तर तो आकडा लगेच सांगेल.

आपल्याला दोन विनंत्या. गाड्यांच्या पानावर महिन्यातून एकदा तरी अशी एखादी मोजून तपासायची गोष्ट आकृतीसकट द्या, दोन प्रोब कुठे लावायचे ह्याचं एक साधं चित्र खूप लोकांच्या कामी येईल. आणि गाडी कंपन्यांच्या लोकांची मुलाखत घ्याल तेव्हा त्यांना विचारा की दिव्यांचं सर्किट आणि अर्थचे बोल्ट कुठे कुठे आहेत एवढं एक पान मालकाच्या मॅन्युअलमध्ये का देत नाही. पूर्वी काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण वायरिंगचा नकाशा असायचा. आता ब्लूटूथ कसं जोडायचं ह्यावर पानंच्या पानं असतात आणि लाइटबद्दल लिहिलेलं असतं, सर्व्हिस सेंटरला भेट द्या.

आपला,
एक नियमित वाचक आणि ऑटो इलेक्ट्रिशियन